बाई पुन्हा इंग्रजी शिकल्या तेव्हा

जवळा बाजारच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायला लागले तेव्हा माझ्या इंग्रजीची सगळ्यांत जास्त भीती मलाच वाटायची. साखऱ्याला, माझ्या गावी, मी इंग्रजी शिकले ते पाठ करून. धडा पाठ, उत्तरं पाठ, निबंधसुद्धा पाठ. दिवाळीचा निबंध येत होता म्हणून परीक्षेत सहलीवर लिहायला आलं तर सहल दिवाळीतच काढायची. पुढे सेनगावला, मग हिंगोलीला शिकले, बी.एड. केलं, नोकरी लागली. तरी वर्गात एखाद्या पोरीनं पुस्तकाबाहेरचं काही विचारलं की मी फळ्याकडं वळून तारीख लिहायला लागायची. लग्नाचं जमलं नाही, नंतर मीच जमवायचं सोडून दिलं. जवळा बाजारलाच एक खोली भाड्यानं घेतली होती. सुट्टीला गाड्या बदलत साखऱ्याला आईकडे जायचं आणि परत यायचं.

अशात एका आठवडी बाजारात मला बाई दिसल्या. उंच, पांढरे कापलेले केस, गुडघ्याखाली येणारा सुती झगा आणि पायात कॅनव्हासचे बूट. वांगेवाल्यापुढं उभ्या राहून त्या भांडत होत्या.

“हे वांगं हाय का भोपळा? नुसत्या बिया निघतील. काहून फसवून राहिला रे म्हातारीला?”

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. तो कानाला लावून त्या इंग्रजीत बोलायला लागल्या. डाव्या हातानं वांगी परत टोपल्यात टाकत, उजव्या कानाशी फोन धरून, न थांबता. रेडिओवर बातम्या देणाऱ्यांचं इंग्रजी मी ऐकलं होतं. हे तसं नव्हतं. हे वांग्याच्या भांडणाइतकंच सहज होतं.

त्या गेल्यावर मी वांगेवाल्याला विचारलं, “ह्या कोण?”

“जिनिंगवाल्या पारशाची पोरगी,” तो म्हणाला. “आता म्हातारी झाली, पण आमच्या आब्बापासून सगळे पोरगीच म्हणतेत. पुस्तकं लिहिती. इंग्रजीत.”

मी पिशवी तशीच उचलली आणि त्यांच्या मागं चालू लागले. आजही मला कळत नाही, एवढी हिंमत मला कुठून आली.

बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवाराला लागून त्यांचं घर होतं. मॅनेजरसाठी बांधलेल्या तीन खोल्या, वर पत्रा. उंबऱ्यापाशी पत्र्याच्या ठशानं उठवलेली पांढरी मासोळीची नक्षी. आत लोबानाचा वास. मी दारात उभी राहून सांगितलं, मी शाळेत इंग्रजी शिकवते. बाईंनी मला वरून खाली पाहिलं आणि मराठीतच विचारलं, “आवडतं का शिकवायला?”

मी म्हटलं, “भीती वाटती.”

“मंग बराबर जागी आलीस,” त्या म्हणाल्या. “मला बी वाटती. रोज सकाळी.”

त्या दिवसापासून शाळा सुटली की मी तिकडं जायला लागले. बाईंच्या घरी बंजारा तांड्यावरची, आपल्या माणसांत गोरमाटी बोलणारी एक मावशी कामाला होती. नावालाच कामाला. घर तीच चालवायची आणि बाईंना दटावायचीही तीच. ती चहा ठेवायची, बाई आपली त्या दिवशीची पानं मला वाचून दाखवायच्या. मला सगळं समजायचं नाही. तेच त्यांना हवं होतं. वाचता वाचता त्या चष्म्यावरून माझ्या तोंडाकडं बघायच्या, आणि मी जिथं चुळबुळ केली तिथं पेन्सिलीनं खूण करायच्या.

त्यांचं आयुष्य मला असं चहाच्या घोटाघोटानं कळलं. त्यांचे वडील इथल्या जिनिंगवर मॅनेजर होते. बाई इथंच जन्मल्या, घरात गुजराती आणि आवारात कापूस वाहणाऱ्या बायांची मराठी बोलत वाढल्या. शाळेचं वय झालं तेव्हा त्यांना मुंबईला आत्याकडं धाडलं. तिथल्या पारशी मुली त्यांच्या गुजरातीला हसल्या, कारण तिच्यात मराठी होती. मराठी मुली मराठीला हसल्या, कारण ती आमच्याकडची होती. “इंग्रजी तेवढी सगळ्यांना सारखीच परकी होती,” बाई म्हणायच्या. “तिथं कुणी कुणाला हसायचं? मी म्हटलं, हीच घ्यायची. अन् अशी घ्यायची की कुणाची हसायची छाती होऊ नये.”

त्यांनी तसंच केलं. कॉलेजात शिकवलं, लग्न केलं, मूल झालं नाही. घर जागं व्हायच्या आत ओट्यापाशी बसून त्या लिहायच्या. पहिली कादंबरी जिथं पाठवली तिथून परत आली. कुणीतरी त्यांना सांगितलं की पारशी बाईनं पारशी घरांवर लिहावं, जुन्या फर्निचरवर, विक्षिप्त मामांवर; कापसाच्या गोण्यांमध्ये वाढलेली पारशीण कोण वाचणार? बाईंनी दुसरी कादंबरीही कापसावरच लिहिली. शेवटी एका प्रकाशकानं दोन्ही घेतल्या. त्या फार खपल्या असं नाही, पण ज्यांनी वाचल्या त्यांनी बाईंचं नाव लक्षात ठेवलं. नवरा गेल्यावर त्या मुंबईची जागा आवरून इथं आल्या. लोक त्याला परत येणं म्हणायचे. बाईंना ते आवडायचं नाही. “परत कुठं? मी कामावर आले,” म्हणायच्या.

मी भेटले तेव्हा त्या एक मोठी कादंबरी लिहीत होत्या. जिनिंगमध्ये मशिनीवर कापूस घालणारी एक बाई आणि मॅनेजरची लेक, अशा दोघींची गोष्ट. त्यांची मैत्री होते, जिनिंग बंद पडल्यावर तुटते, आणि म्हातारपणी दोघी पुन्हा भेटतात. ती भेट लिहायची तेवढी राहिली होती. बाई म्हणायच्या, “तिच्याकडं जाऊन राहिले मी हळूहळू. घाई केली तर पळून जाईल.”

दिवाळी होऊन गेली होती, शिवारात कापूस फुटला होता. मी सकाळी वर्गात असताना मावशीचा फोन आला. तिला धड बोलता येईना. “बाई तोंड वाकडं करून बसल्यात. हसून राहिल्या असं वाटलं मला. पण हसून न्हाई राहिल्या.”

मी पोचले तेव्हा बाई टेबलापाशीच होत्या. पेन खाली पडलेलं, उजवा हात मांडीवर ओल्या फडक्यासारखा. आम्ही जीप करून वसमतवरून नांदेडला निघालो. मावशीनं त्यांचं डोकं छातीशी धरलं होतं आणि खड्डा आला की ती ड्रायव्हरला शिव्या देत होती. बाई डोळे उघडे ठेवून माझ्याकडं बघत होत्या. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, आणि तोंडातून नुसता आवाज निघत होता.

डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, जीव वाचला. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला आहे. हात आणि वाचा कितपत परत येईल ते आत्ता सांगता येणार नाही.

पहिले काही दिवस त्या बोलल्याच नाहीत. मग एका सकाळी मी खाटेशी बसले असताना त्यांचे ओठ हलायला लागले आणि त्यांची प्रार्थना सुरू झाली. लहानपणापासून रोज म्हणत आलेली ती अवेस्तातली प्रार्थना, सलग, एकही अक्षर न अडखळता. मावशीनं हात जोडले. मी ओरडलेच, “वाचा आली!” नर्स धावत आली. बाई प्रार्थना संपवून थांबल्या, आमच्याकडं पाहिलं, बोलायला तोंड उघडलं, आणि पुन्हा नुसता आवाज. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं. पाठ असलेलं असं येतं. प्रार्थना, आकडे, गाणी. मनातलं नवीन वाक्य जुळवून बोलणं हे निराळं, त्याला वेळ लागेल. मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. माझ्या वर्गातली पोरं इंग्रजी कविता अशीच म्हणायची, धडधडा, आणि मध्येच त्यांना कुणी ‘तुला काय वाटतं?’ विचारलं की गप्प.

पुढं आठवड्याभरात बाईंची मराठी यायला लागली. आधी ‘पाणी’, मग ‘न्हाई’, मग ‘तकलीफ’. मग एक दिवस मावशीनं चमच्यानं पेज भरवली तर पूर्ण वाक्य आलं, “मीठ न्हाई टाकलं.” मावशी आनंदानं वॉर्डभर सांगत सुटली. गुजरातीही आली, तुकड्यातुकड्यानं. मला त्या ‘डीकरी’, म्हणजे लेक, म्हणून हाक मारायला लागल्या, पूर्वी कधी मारत नव्हत्या.

मग मुंबईहून त्यांची भाची आली. चांगली मुलगी होती, विमान, गाडी जे मिळेल ते पकडून आली होती. ती खाटेशी बसून इंग्रजीत बोलायला लागली, कारण त्या दोघी नेहमी इंग्रजीतच बोलायच्या. बाई तिच्याकडं बघत राहिल्या. समजत होतं असं वाटत होतं. उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलं आणि म्हणाल्या, “मंडे.” पुन्हा म्हणाल्या, “मंडे. मंडे.” मग खिडकीकडं बोट केलं. त्यांना विंडो म्हणायचं होतं, ऊन डोळ्यांवर येत होतं.

खिडकी मी लावून घेतली. बाईंनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

भाचीनं ठरवलं होतं, बाईंना मुंबईला न्यायचं. मोठे दवाखाने, वाचेचे तज्ज्ञ, सगळं तिथं. मलाही ते पटत होतं. मी बाईंना मराठीत समजावलं. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, “न्हाई.”

“बाई, तिथं लवकर बरं वाटंल.”

त्या शब्द शोधत शोधत बोलल्या. “तिथं समदे... इंग्रजीत बोलतील. मी मुकी. इथं... मी बोलती.”

भाचीला मी ते सांगितलं. मग तिनं असं ठरवलं की मुंबईच्या तज्ज्ञबाई मोबाइलवर शिकवतील, मी रोज सराव करून घेईन, आणि तीन-चार महिन्यांत फरक पडला नाही तर पुन्हा विचार करू. जाताना ती माझा हात धरून म्हणाली, तुम्ही इंग्रजीच्या शिक्षिका आहात ना, मग झालं. मला तिला सांगावंसं वाटलं की मी कसली शिक्षिका आहे. पण बाई खाटेवरून माझ्याकडं बघत होत्या, म्हणून मी मान हलवली.

घरी आल्यावर बाईंनी पहिलं काम सांगितलं, “तुझं सहावीचं पुस्तक आण.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यांच्या कादंबऱ्या मी कोश घेऊन वाचल्या, त्यांच्यापुढं मी चित्रांचं पुस्तक उघडून बसणार होते. म्हटलं, दुसरं काहीतरी चांगलं आणते. बाई चिडल्या. “चांगलं नको. सोपं आण.”

आम्ही सुरू केलं. दुपारी शाळा सुटली की मी चित्रावर बोट ठेवायची आणि त्या शब्द शोधायच्या. छत्रीला त्या गाय म्हणायच्या, गायीला टेबल. चुकलं हे त्यांना लगेच कळायचं, तेच फार वाईट होतं. कळायचं आणि दुरुस्त करता यायचं नाही. मग डावा हात टेबलावर आपटायच्या. एकदा त्यांनी कप भिरकावला, तो भिंतीवर फुटला. मावशीनं तुकडे गोळा करता करता विचारलं, “बाई, आता बोलता येतंय की तुमाला. मराठी हाय, गुजराती हाय. ते इंग्रजी काहून पायजे?”

बाई म्हणाल्या, “तुझी गोरमाटी गेली अन् मराठी राहिली तर... चालंल?”

“न्हाई चालायचं. पण गोरमाटी माझ्या आईची हाय. तुमचं इंग्रजी कुणाचं हाय?”

बाईंनी विचार केला. “माझं,” त्या म्हणाल्या. “मी कमावलेलं.”

मावशीनं त्यावर काही वाद घातला नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून ती स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकायला लागली. चित्रातला चमचा आला, बाई अडकल्या, तर आतून आवाज आला, “स्पून!” बाईंनी वैतागून तिच्याकडं पाहिलं. मग बशी आली, पुन्हा आतून, “प्लेट!” तेव्हा बाई एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. त्यानंतर दोघींची शर्यतच लागली. मावशीनं आधी शब्द म्हटला की बाईंचा जीव जळायचा, आणि त्या दिवशी त्या जास्त वेळ बसायच्या.

चित्रांनी एका हद्दीपर्यंत काम केलं. पुढं बाईंनीच युक्ती काढली. “चित्र नको. वस्तू.” मी त्यांना धरून जिनिंगच्या मागच्या शेतात न्यायला लागले. वेचणी चालू होती. शेतमालक बाईंच्या लहानपणापासूनच्या ओळखीचा, त्यानं बांधावर खुर्ची टाकून दिली. बाई डाव्या हातात बोंड धरून बसायच्या, ते दाबायच्या, त्याची टोकं बोटाला टोचून घ्यायच्या. “बोंड,” म्हणायच्या. “बोंड. बोंड.” वेचणाऱ्या बाया आमच्याकडं बघून हसायच्या, एक म्हणाली, पारशीणबाईला बोंडाचं येड लागलं. एक दिवस त्यांनी बोंड दाबलं आणि एकदम म्हणाल्या, “बोल.” मला वाटलं मला बोलायला सांगताहेत. “काय बोलू?” मी विचारलं. त्यांनी बोंड माझ्या नाकापुढं धरलं. “बोल! कॉटन बोल!” मग माझ्या डोक्यात उजेड पडला. बोंडाला इंग्रजीत तेच म्हणतात. तो शब्द मला येत नव्हता, त्यांनी मला शिकवला.

त्या दिवशी आम्ही घरी येईपर्यंत त्या वाटेतल्या प्रत्येक वस्तूला हात लावत होत्या. गेट, नळ, विटा, कुत्र्याचे कान. काही शब्द आले, बरेच आले नाहीत.

आणि मध्येच मला एक शहाणपण सुचलं. मी म्हटलं, “बाई, शेवटची भेट तुमच्या मनात हाय ना? तुमी मराठीत सांगा, मी इंग्रजीत लिहिते. मंग तुमी दुरुस्त करा. पुस्तक तरी होईल.”

त्या तयार झाल्या. डोळे मिटून त्यांनी सांगितलं. दोघी म्हाताऱ्या बाजारात समोरासमोर आल्या. एकमेकींकडं बघत राहिल्या. एकीनं विचारलं, “पाय दुखून राहिले का?” दुसरी म्हणाली, “व्हय.” मग दोघी एका दुकानाच्या पायरीवर बसल्या. बाई एवढंच सांगून थांबल्या.

मी घरी जाऊन ते इंग्रजीत लिहिलं. मला वाटलं, एवढ्या मोठ्या कादंबरीचा शेवट असा कोरडा कसा असेल. म्हणून थोडं घातलं. मावळता सूर्य घातला, दोघींच्या डोळ्यांत पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी वाचून दाखवलं. बाई बोलायला अजून अडखळत होत्या, पण ऐकलेलं त्यांना पुष्कळ समजत होतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

“डोळ्यांत पाणी... कुठून आणलंस?”

“म्हटलं, इतक्या वर्षांनी भेटल्या तर येईल ना पाणी.”

“येईल. पण ते तुझं पाणी हाय.” त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला. रागावल्या नव्हत्या. “चांगलं लिहिलंस. पण हे तुझं हाय. तू तुझं लिही. माझं मी लिहीन.”

हे माझ्या मनात घर करून राहिलं. तोपर्यंत मला कुणी ‘तू लिही’ म्हटलं नव्हतं.

उन्हाळ्यात दिल्लीहून प्रकाशकाच्या संपादकाचा फोन आला. तो मला फोन करायचा, तब्येत विचारायचा. आवाज सभ्य होता. त्या दिवशी तो म्हणाला, हस्तलिखित जवळजवळ पूर्ण आहे, शेवट तेवढा नाही. आमच्याकडं एक तरुण लेखिका आहे, तिनं बाईंची सगळी पुस्तकं वाचली आहेत, तिला बाईंच्या शैलीत शेवट लिहिता येईल. बाईंना विचारून बघाल का. फोन स्पीकरवर होता. विचारायची गरज पडली नाही. बाईंनी डाव्या हातानं मोबाइल ओढून घेतला.

“नो,” त्या म्हणाल्या.

पलीकडून तो समजावायला लागला.

“नो.” बाईंचा चेहरा लाल झाला होता, मानेच्या शिरा ताठल्या होत्या. पुढचे शब्द त्यांनी एकेक करून, मोटेनं पाणी ओढावं तसे ओढून काढले. “माय... बुक. माय वर्ड्स. यू... वेट.”

मग तो म्हणाला, येस मॅम, वुई विल वेट. बाईंनी फोन ठेवला आणि मागं टेकून डोळे मिटले. त्यांच्या झग्याची पाठ घामानं भिजली होती. मावशी दारात उभी होती. तिनं मला विचारलं, “काय म्हणल्या?” मी सांगितलं. ती म्हणाली, “बराबर म्हणल्या.”

तिथून पुढं बाईंनी लिहायला घेतलं. भाचीनं टॅब पाठवला होता, त्यावर डाव्या हाताच्या एका बोटानं. एक वाक्य व्हायला कधी सगळी सकाळ जायची. शब्द अडला की वस्तू हातात घ्यायच्या. वस्तू नसेल तर मला मराठीत त्याच्या आजूबाजूचं सांगायच्या. पण मी शब्द सुचवलेला त्यांना चालत नव्हता. मला माहीत असला तरी मी गप्प बसायचं, असा आमचा करार होता. मास्तरकी करणाऱ्या माणसाला गप्प बसण्याएवढी जड गोष्ट नाही. कैक वेळा मी ओठ दातात धरून बाहेर अंगणात जाऊन उभी राहायची.

साखऱ्याला आई म्हणायची, “त्या पारशीणबाईपायी तू वाळून राहिलीस.” पण पुढच्या खेपेला तिनंच बाईंसाठी तुरीच्या डाळीची पिशवी भरून दिली.

पुढच्या वेचणीच्या हंगामात शेवटचं प्रकरण झालं. पूर्वीची बाईंची वाक्यं लांब, वळणावळणाची असायची, एका वाक्यात जिनिंगचं आवार, आभाळ आणि कुणाची तरी आजी यायची. ही वाक्यं चार-पाच शब्दांची होती. दोघी भेटल्या. एकीनं पायांचं विचारलं. दुसरीनं हो म्हटलं. बसल्या. सूर्य नव्हता, पाणी नव्हतं. संपादकानं लिहिलं, प्रकरण पोचलं, आनंद झाला. फक्त आधीच्या भागाशी जुळावं म्हणून वाक्यं थोडी जोडून घेऊ का. बाईंनी स्वतः एका बोटानं उत्तर टाइप केलं. त्यात एकच शब्द होता आणि तो आता त्यांना चांगला येत होता.

पुस्तक जसंच्या तसं छापलं गेलं. परीक्षणं आली. एकानं लिहिलं, शेवटी लेखिकेची पकड सैल झाली आहे. दुसऱ्यानं लिहिलं, शेवट म्हणजे भाषेचा धाडसी प्रयोग आहे. मी दोन्ही वाचून दाखवली आणि बाई दोन्हींवर चिडल्या. “प्रयोग कसला? मला तेवढंच येत होतं. अन् तेवढंच लागत होतं.”

मी हट्ट धरला की एकदा आमच्या शाळेत येऊन वाचा. हेडमास्तरांना धास्ती होती, पोरं हसली तर? मलाही होती. बाई म्हणाल्या, “हसू दे.” दहावीच्या वर्गात त्यांना खुर्ची दिली. त्यांनी शेवटचं पान उघडलं आणि वाचायला लागल्या. फार हळू. एकेक शब्दावर थांबत, ‘एस’ आला की जीभ अडायची, परत मागं जाऊन घ्यायच्या. पोरं बाकांवर पुढं सरकून बघायला लागली. पुस्तक लिहिणारी बाई स्वतःच्याच पुस्तकात अडखळते, हे पोरांना नवीन होतं.

वाचून झाल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. वर्षभर तिनं वर्गात इंग्रजीचा शब्द काढला नव्हता. ती म्हणाली, “बाई, तुमी बी आमच्यावानीच अडकता.”

मी डोळे वटारले. बाई मात्र पुढं झुकल्या. “व्हय. तू कुठं अडकतीस?”

“टी-एच आला की.”

“मी एस आला की. मंग तू काय करतीस?”

“गप बसती.”

“ते नको करू,” बाई म्हणाल्या. “गप बसलं की झालं. चुकीचं म्हण, पण म्हण.”

मग दुसऱ्या पोरानं सांगितलं तो कुठं अडकतो, मग तिसऱ्यानं. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठेना. त्या दिवशी माझ्या वर्गात पाठ नसलेलं इंग्रजी मी पहिल्यांदा ऐकलं. मोडकं, वाकडं, निम्मं मराठी, पण ज्याचं त्याचं. तेव्हापासून मी निबंध पाठ करून घेणं बंद केलं. आधी गुण थोडे घसरले, पालक बोलायला आले, हेडमास्तरांनी बोलावून घेतलं. मी सांगितलं, मला दोन वर्षं द्या. त्यांनी दिली. आता पोरं वाईट लिहितात, पण स्वतःचं लिहितात, आणि त्यातली थोडी चांगलंही लिहायला लागली आहेत. मी स्वतः मराठीत लिहायला लागले ते त्याच सुमारास.

बाईंचं इंग्रजी पूर्ण परत आलं नाही. येणार नाही, असं डॉक्टर म्हणतात, आणि बाई ते ऐकून घेतात. आकड्यांचा अजून घोळ होतो, थकल्या की ‘मंडे’ येतो. उजव्या हातानं कप धरता येतो, पेन नाही. मावशीला आता इंग्रजी इतकं येतं की भाचीचा फोन आला तर आधी तीच बोलून घेते. बाईंनी नवी गोष्ट धरली आहे. ती कशावर आहे ते मला अजून सांगितलेलं नाही. विचारलं तर म्हणतात, आधी मला कळू दे. रोज सकाळी प्रार्थना झाली की त्या टेबलाशी बसतात. परवा मी गेले तेव्हा टॅबवर तीन ओळी होत्या आणि मधल्या ओळीत एक शब्द नव्हता. मी वाकून पाहिलं. मला तो शब्द माहीत होता. बाईंनी माझ्या तोंडाकडं बघूनच ओळखलं.

“बोलू नकोस,” त्या म्हणाल्या, तेवढी जागा मोकळी सोडली आणि पुढची ओळ लिहायला घेतली.